पक्ष सोडणारा आणि मागे राहणारे : देशभक्त केशवराव जेधे यांच्या राजकीय प्रवासाविषयी



मंडळाच्या वार्षिक व्याख्यानमालेत आजवर मोठमोठी माणसे बोलून गेली. मी साहित्यिक नाही, इतिहासाचा प्राध्यापकही नाही. नवागामात होमिओपॅथीचा दवाखाना चालवणारा साधा डॉक्टर आहे. इतिहास वाचायचा नाद आहे, एवढेच माझे भांडवल. तेव्हा काही उणे-अधिक झाले तर सांभाळून घ्यावे.

विषय कसा सुचला ते आधी सांगतो. २१ जून २०२२ ची सकाळ आपल्या सगळ्यांच्या लक्षात असेल. आदल्या दिवशी मुंबईत विधान परिषदेचे मतदान झाले आणि रात्रीतून शिवसेनेचे आमदार एकनाथ शिंदे यांच्याबरोबर आपल्या सुरतेत येऊन दाखल झाले. डुमस रस्त्यावरच्या हॉटेलाबाहेर पोलिसांचा बंदोबस्त, टीव्हीवाल्यांच्या गाड्या. दुसऱ्या दिवशी पहाटे ते सगळे गुवाहाटीला गेलेही. सुरतेत मुक्काम जेमतेम एका दिवसाचा, पण माझ्या दवाखान्यात त्याची चर्चा पुढे कित्येक महिने चालली. नवागाम, डिंडोली, लिंबायत, उधना हा सारा भाग खानदेशातून आलेल्या माणसांचा. इथला मतदार गुजरातचा असतो, पण त्याचा जीव जळगाव-धुळ्याच्या राजकारणात अडकलेला असतो.

माझ्याकडे वर्षानुवर्षे येणारे दोन मावसभाऊ आहेत. दोघे पारोळा तालुक्यातले, दोघे लूमवर कामाला. डबा एक, खोली एक. त्या जून महिन्यानंतर एक म्हणायचा 'गद्दार', दुसरा म्हणायचा 'उठाव'. शब्दाला शब्द वाढला, डबा वेगळा झाला, मग खोली वेगळी झाली. मोठा भाऊ एकदा पित्ताच्या तक्रारीसाठी आला आणि नाडी बघत असताना म्हणाला, "डॉक्टर, आते कोनावर भरोसा ठेवाना?" मी त्याला गोळ्या दिल्या. प्रश्नाचे उत्तर दिले नाही, कारण माझ्याजवळ ते नव्हते.

त्या प्रश्नाने मला पुस्तकांकडे नेले. पक्ष बदलणाऱ्या माणसाला तोलायचे कशाने? गद्दार म्हटले की विचार थांबतो, मुत्सद्दी म्हटले तरी थांबतो. हयात नेत्यांबद्दल बोलण्यात अर्थ नाही. त्यांच्या फाइली अजून उघड्या आहेत, कोर्टातही आणि लोकांच्या मनातही. ज्याची फाइल बंद झाली आहे, ज्याने एकदा सोडून अनेकदा पक्ष बदलला आणि तरीही ज्याच्या नावामागे लोक आदराने 'देशभक्त' लावतात, असा माणूस मी शोधत होतो. तो मला पुण्याच्या स्वारगेटला भेटला. इथून पुण्याला गेलेल्यांपैकी बहुतेकजण त्या चौकातून गेलेले असतील. त्या चौकाला केशवराव जेधे यांचे नाव आहे. पाटी आपण वाचतो आणि रिक्षा शोधू लागतो. आज त्या पाटीपाशी जरा थांबू.

जेधे मॅन्शन

केशवराव मारुतीराव जेधे यांचा जन्म २१ एप्रिल १८९६ चा, पुण्यातला. घराणे शिवकालातल्या कान्होजी जेधे यांच्या कुळातले. घरचा धंदा तांब्या-पितळेच्या भांड्यांचा. शुक्रवार पेठेतला त्यांचा वाडा 'जेधे मॅन्शन' म्हणून ओळखला जाई आणि १९२० नंतरच्या दशकात पुण्यातल्या ब्राह्मणेतर चळवळीचे ते मुख्य ठाणे होते. महात्मा फुले यांचा सत्यशोधक विचार, शाहू महाराजांनी दिलेले बळ आणि पेठेतल्या तरुणांचा जोश असे तिन्ही त्या वाड्यात एकत्र आले होते.

तरुण केशवराव आणि त्यांचे मित्र दिनकरराव जवळकर यांनी पुणे हलवून सोडले. गणेशोत्सवात 'छत्रपती मेळा' काढला. मेळ्याची पदे इतकी झणझणीत असत की गावात दोन तट पडले. १९२५ मध्ये जवळकरांचे 'देशाचे दुश्मन' हे पुस्तक निघाले. प्रकाशक जेधे. त्यात लोकमान्य टिळक आणि विष्णुशास्त्री चिपळूणकर यांच्यावर जहाल टीका होती. बदनामीचा खटला झाला, खालच्या कोर्टात शिक्षा झाली. अपिलात आरोपींच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले आणि १९२६ मध्ये आरोपी सुटले. त्याच सुमारास पुणे नगरपालिकेत जेधे निवडून गेले आणि फुले यांचा पुतळा नगरपालिकेने उभारावा असा ठराव त्यांनी मांडला. तो फेटाळला गेला. आज फुल्यांच्या पुतळ्याला सर्व पक्षांचे पुढारी हार घालतात. शंभर वर्षांपूर्वी त्या पुतळ्याची नुसती मागणी करणे हे भांडण ओढवून घेणे होते.

या काळातल्या जेध्यांची मर्यादाही सांगितली पाहिजे. १९२७ मध्ये महाडच्या सत्याग्रहाला जेधे-जवळकरांनी पाठिंबा देऊ केला, पण त्यात ब्राह्मणांना घेऊ नये अशी अट घातली. बाबासाहेबांनी पाठिंबा घेतला आणि अट नाकारली. आपला विरोध ब्राह्मण्याला आहे, जन्माने ब्राह्मण असलेल्या प्रत्येक माणसाला नाही, अशी त्यांची भूमिका होती. एकतीस वर्षांच्या जेध्यांना हा धडा मिळाला. पुढच्या तीन-चार वर्षांत ते ज्या वाटेने गेले ती पाहता तो वाया गेला नसावा असे मला वाटते.

पहिला बदल : १९३०

ब्राह्मणेतर पक्षाची तेव्हाची स्थिती काय होती? माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांनंतर मुंबई कायदेमंडळात या पक्षाला जागा मिळाल्या, भास्करराव जाधवांसारखे नेते मंत्री झाले. शिक्षण, नोकऱ्या, लोकल बोर्ड यांत बहुजन समाजाला वाटा मिळावा ही मागणी रास्त होती आणि सरकारशी जमवून घेऊन ती पदरात पाडावी असा जुन्या नेत्यांचा हिशेब होता. काँग्रेस त्यांच्या दृष्टीने शहरी ब्राह्मणांची. म्हणून काँग्रेसपासून दूर आणि सरकारच्या जवळ, असे पक्षाचे धोरण ठरत गेले.

गांधीजींनी मिठाचा सत्याग्रह सुरू केला तेव्हा जेध्यांनी हा हिशेब मोडला. काकासाहेब गाडगीळ या ब्राह्मण काँग्रेस कार्यकर्त्याशी त्यांची मैत्री जमली. कायदेभंगात ते उतरले आणि तुरुंगात गेले. ज्या पुण्यात पाच वर्षांपूर्वी मेळ्यांच्या पदांवरून डोकी फुटायची वेळ आली होती, तिथे गाडगीळ आणि जेधे एका व्यासपीठावर उभे राहू लागले. जुन्या सहकाऱ्यांनी त्यांना काय म्हटले असेल, याची कल्पना आजच्या भाषेवरून सहज करता येईल. बहुजनांचा पक्ष सोडून भटांच्या पक्षात गेला, हाच तो आरोप.

पण परिणाम पाहा. जेध्यांच्या मागोमाग ग्रामीण महाराष्ट्र काँग्रेसमध्ये येऊ लागला. १९३४ च्या निवडणुकीतून गाडगीळ आणि जेधे दोघेही दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळात गेले. डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन आपल्या खानदेशात, फैजपूरला भरले. पुढे महाराष्ट्र प्रांतिक काँग्रेसचे अध्यक्षपदही जेध्यांकडे आले. शहरातल्या वकील-संपादकांची काँग्रेस शेतकऱ्याच्या ओसरीवर पोचली, त्यामागे जी मोजकी माणसे होती त्यांत जेध्यांचे नाव वरचे आहे.

याच वाटेने गेलेल्या आणखी एका माणसाचे नाव, मी जैन आहे म्हणून, माझ्या घरात लहानपणापासून ऐकले आहे. अण्णासाहेब लठ्ठे. दक्षिण महाराष्ट्र जैन सभेचे एक संस्थापक, शाहू महाराजांचे चरित्रकार, कोल्हापूरचे दिवाण आणि ब्राह्मणेतर चळवळीचे एक पुढारी. तेही काँग्रेसकडे आले आणि १९३७ च्या बाळासाहेब खेर मंत्रिमंडळात अर्थमंत्री झाले. तेव्हा १९३० चा बदल हा एकट्या जेध्यांच्या मनाची लहर नव्हती. एक संपूर्ण समाज आपली जागा शोधत होता आणि जेधे त्याच्या दोन पावले पुढे चालत होते.

एक गोष्ट इथे नोंदवून ठेवू. १९३० मध्ये काँग्रेसमध्ये जाणे म्हणजे मंत्रिपद मिळणे नव्हते. मिळत होता तो तुरुंग. सरकारजवळच्या पक्षातून सरकारविरोधी पक्षात जाणे होते ते.

दुसरा बदल : १९४८

स्वातंत्र्य जवळ आले तसे काँग्रेसमधले बहुजन कार्यकर्ते अस्वस्थ झाले. गावोगाव तुरुंग भोगला तो शेतकऱ्यांच्या मुलांनी, आणि निर्णय करणारी माणसे मात्र जुनीच, ही त्यांची भावना होती. शंकरराव मोरे, केशवराव जेधे, तुळशीदास जाधव, भाऊसाहेब राऊत आदींनी काँग्रेसच्या आतच शेतकरी कामगार संघ उभा केला. ऑगस्ट १९४७ च्या आरंभी, स्वातंत्र्याला दोन आठवडे उरले असताना, आळंदीला बैठक झाली. शेतकरी कामगार पक्ष आजही आपला जन्म त्या दिवसांपासून मोजतो.

काँग्रेसश्रेष्ठींना पक्षात पक्ष नको होता. १९४८ च्या आरंभी तसा निर्णयच झाला. मार्चमध्ये समाजवादी मंडळी नाशिकच्या अधिवेशनातून बाहेर पडली. त्याच वर्षी शेतकरी कामगार पक्षही पूर्णपणे वेगळा झाला आणि जेधे त्याचे अग्रणी झाले.

पुन्हा वेळ लक्षात घ्या. काँग्रेस दिल्लीत सत्तेवर, मुंबईत सत्तेवर. जेधे घटना समितीचे सदस्य. अठरा वर्षे ज्या पक्षासाठी राबले त्याच्या झाडाला आता फळे लागली होती. त्यांचे जिवाचे मित्र काकासाहेब गाडगीळ केंद्रात मंत्री होते. अशा वेळी जेधे झाडाखालून उठून उन्हात गेले. मित्राशी राजकीय ताटातूट पत्करली.

त्याच वेळी कराडच्या एका तरुणाने उलट निर्णय घेतला. यशवंतराव चव्हाण तेव्हा पार्लमेंटरी सेक्रेटरी होते. जवळचे कितीतरी सहकारी शेकापमध्ये गेले, त्यांनाही बोलावणे होते. ते गेले नाहीत. बहुजन समाजाला सत्तेत वाटा मिळवायचा तर तो काँग्रेसमध्ये राहूनच, असा त्यांचा कयास होता. प्रश्न दोघांचाही एकच, उत्तरे वेगळी. इतिहासाने पुढे चव्हाणांना यश दिले, पण १९४८ मध्ये कोण बरोबर ठरणार हे कोणालाच माहीत नव्हते. नंतरच्या निकालावरून आधीच्या हेतूची परीक्षा करू नये, ही सावधगिरी वाचकाने बाळगली पाहिजे.

तिसरा बदल : १९५४

आता अवघड भागाकडे येतो. १९५० मध्ये मालेगावजवळच्या दाभाडी गावी शेकापने आपला प्रबंध मंजूर केला. 'दाभाडी प्रबंध' म्हणून तो प्रसिद्ध आहे. त्यात पक्षाने मार्क्स-लेनिनचा विचार स्वीकारला. फुल्यांच्या विचारावर वाढलेल्या, भांड्यांच्या पेढीतून आलेल्या जेध्यांना ही भाषा कितपत पचली असेल? पक्षात मतभेद वाढले. दत्ता देशमुख आणि त्यांचे सहकारी बाहेर पडून त्यांनी कामगार किसान पक्ष काढला. क्रांतिसिंह नाना पाटीलही पुढे कम्युनिस्ट झाले.

मग १९५२ ची पहिली सार्वत्रिक निवडणूक आली. मुंबई राज्याच्या विधानसभेत ३१५ पैकी काँग्रेसला २६९ जागा मिळाल्या, शेकापला १४. ज्यांनी बहुजन समाज म्हणजे आपणच असे मानले होते, त्यांना बहुजन समाजाने मते दिली नव्हती. दरम्यान १९४८ च्या कूळकायद्याने शेतकऱ्याचा एक मोठा प्रश्न काँग्रेसने स्वतःच हाती घेतला होता, आणि भाऊसाहेब हिरे, यशवंतराव चव्हाण यांच्यासारखे नेते पक्षात वर येत होते. शेकापची शिडी काँग्रेसनेच आपल्या भिंतीला लावली, असे म्हटले तरी चालेल.

१९५४ मध्ये केशवराव जेधे काँग्रेसमध्ये परतले. पुढे शंकरराव मोरे परतले, तुळशीदास जाधवही परतले. मोरे १९६२ मध्ये पुण्यातून काँग्रेसचे खासदार झाले. जाधव १९६७ मध्ये बारामतीतून झाले.

आमच्या शास्त्रात सांगतात की औषध घाईघाईने बदलू नये, दिलेल्या मात्रेला वेळ द्यावा. पण रोग्याची लक्षणेच बदलली असतील तर जुन्या औषधाला चिकटून बसणे हाही दोषच. जेध्यांचे समर्थक दुसऱ्या वाक्याचा आधार घेतील, टीकाकार पहिल्याचा. सहा वर्षांत एका नव्या पक्षाची परीक्षा पुरी होते का? मला वाटते, होत नाही.

आणि या वेळी दिशा उलटी होती हेही लपवता येत नाही. १९३० आणि १९४८ मध्ये जेधे सत्तेकडे पाठ करून चालले होते. १९५४ मध्ये ते सत्तेकडे तोंड करून चालले. हेतू शुद्धही असेल, पण पहिल्या दोन वेळी तो लोकांना दिसत होता, कारण त्याची किंमत डोळ्यांसमोर मोजली जात होती. तिसऱ्या वेळी लोकांना तो निव्वळ विश्वासाने मानावा लागला.

संयुक्त महाराष्ट्र आणि बारामती

गोष्ट इथे संपली असती तर निकाल सोपा होता. पण जानेवारी १९५६ मध्ये मुंबई केंद्रशासित करण्याची घोषणा झाली, गोळीबार झाले, महाराष्ट्र पेटला. ६ फेब्रुवारी १९५६ रोजी पुण्याच्या टिळक स्मारक मंदिरात सर्व पक्षांची बैठक भरली आणि तिथे संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. त्या बैठकीच्या अध्यक्षस्थानी होते केशवराव जेधे. ज्या टिळकांवरील टीकेपायी तीस वर्षांपूर्वी त्यांच्यावर खटला झाला, त्यांच्याच नावाच्या सभागृहात काँग्रेसविरोधी, डावे, समाजवादी, आंबेडकरी अशा सगळ्यांनी त्यांना वडीलकीचा मान दिला. सगळ्या घरांत राहून आलेल्या माणसालाच सगळ्या घरांना एकत्र बसवता येते, हेही खरे.

आणि तरीही १९५७ ची लोकसभा निवडणूक जेध्यांनी बारामतीतून लढवली ती काँग्रेसच्या तिकिटावर. पश्चिम महाराष्ट्रात त्या वर्षी समितीची लाट होती. पुण्यात खुद्द काकासाहेब गाडगीळ समितीच्या ना. ग. गोरे यांच्याकडून हरले. मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण कराडमधून थोडक्या मतांनी वाचले. त्या लाटेत जेधे बारामतीतून निवडून आले.

आपल्या सुरतकरांच्या दृष्टीने एक आठवण सांगतो. ३० एप्रिल १९६० पर्यंत सुरत आणि बारामती एकाच राज्यात होत्या. द्विभाषिक मुंबई राज्य. बारामतीच्या शेतकऱ्याचा आणि सुरतेच्या जरीवाल्याचा मुख्यमंत्री एकच. तिकडे समिती लढत होती, इकडे इंदुलाल याज्ञिक यांची महागुजरात जनता परिषद लढत होती, आणि दोघांचीही मागणी वेगळ्या घराची होती. नवागामात आज आपण मराठी माणसे गुजरातची म्हणून राहतो, ती रेघ त्या चार वर्षांच्या भांडणातून आखली गेली.

ती रेघ पाहायला जेधे राहिले नाहीत. १२ नोव्हेंबर १९५९ ला ते गेले. रिकाम्या झालेल्या बारामतीत १९६० मध्ये पोटनिवडणूक झाली. काँग्रेसने त्यांचे चिरंजीव गुलाबराव जेधे यांना उभे केले. समोर शेकापचे वसंतराव पवार. वसंतरावांचे धाकटे भाऊ कॉलेजात शिकत होते आणि काँग्रेसचे काम करीत होते. त्यांनी घरच्या उमेदवाराविरुद्ध पक्षाच्या उमेदवाराचा प्रचार केला. त्या धाकट्या भावाचे नाव शरद पवार. वसंतराव हरले, गुलाबराव जिंकले. एका घरात दोन पक्ष ही बारामतीची गोष्ट २०२३ मध्ये सुरू झाली असे समजणाऱ्यांनी ही निवडणूक आठवावी. आणि हेही पाहावे की त्या प्रचारानंतर पवारांचे घर मोडले नाही. मतभेद घरात बसून सांगितला गेला होता आणि घराने तो ऐकून घेतला होता.

मागे कोण राहिले?

आता मूळ प्रश्नाकडे येतो. पक्ष बदलणाऱ्याला तोलायचे कशाने?

कायद्याने एक तराजू दिला आहे. १९६७ मध्ये हरियाणात गयालाल यांच्या कोलांट्यांवरून 'आयाराम-गयाराम' हा शब्द देशभर झाला. त्यानंतर अठरा वर्षांनी, १९८५ मध्ये, बावन्नाव्या घटनादुरुस्तीने दहावे परिशिष्ट आले. एक तृतीयांश फुटले तर ती फूट वैध, अशी सवलत त्यात होती. ती २००३ मध्ये काढून टाकली गेली. दुसऱ्या पक्षात विलीनीकरण करायचे तर दोन तृतीयांश आमदार लागतात. पण हा तराजू संख्या मोजतो. एकटा गेला तर दोषी, पुरेसे सोबती घेऊन गेला तर निर्दोष, हा हिशेब कायद्याला पुरत असेल, माणसाच्या मनाला पुरत नाही.

जेध्यांच्या चरित्रात मला दुसरे माप सापडले. नेता का गेला हे विचारून फारसे हाती लागत नाही. प्रत्येकाजवळ कारण असते आणि ऐकताना ते पटतेही. विचारायचे ते हे, की तो गेला तेव्हा मागे कोण राहिले, आणि त्यांना त्याने काय सांगितले?

१९३० मध्ये जेधे गेले तेव्हा मागे कार्यकर्ते फारसे उरले नाहीत. तेही सोबत आले, किंवा दोन-चार वर्षांत त्या वाटेला लागले. १९४८ मध्ये ते गेले ते कार्यकर्त्यांच्याच रेट्याने. पण १९५४ मध्ये मागे माणसे राहिली. ज्यांना जेध्यांनी आणि मोऱ्यांनी काँग्रेसमधून बाहेर काढले, गावच्या पाटलाशी, तालुक्याच्या पुढाऱ्याशी, सोसायटीच्या चेअरमनशी ज्यांनी पक्षापायी वाकडे घेतले, ती गावोगावची साधी माणसे. नेता परतला तेव्हा त्याला दार उघडे होते. या माणसांना गावात परत जायला दार नव्हते.

त्यातल्या अनेकांनी पक्ष सोडला नाही. प्रा. एन. डी. पाटील अखेरपर्यंत शेकापमध्ये राहिले. गणपतराव देशमुख १९६२ मध्ये सांगोल्यातून प्रथम निवडून आले आणि एकूण अकरा वेळा त्याच मतदारसंघातून, त्याच पक्षातर्फे आमदार झाले. मध्ये दोनदा हरले, पण झेंडा बदलला नाही. ३० जुलै २०२१ रोजी ते गेले तेव्हा विरोधकांनीही डोळे पुसले. संस्थापक निघून गेलेला पक्ष अशा माणसांनी सहा-सात दशके जिवंत ठेवला.

मग जेधे दोषी का? मी तसे म्हणणार नाही. माझ्या धर्मात अनेकांत शिकवतात, एका बाजूने पाहून पूर्ण सत्य सांगितल्याचा आव आणू नये. फुल्यांच्या पुतळ्यासाठी एकटा उभा राहिलेला नगरसेवक, तुरुंगात गेलेला सत्याग्रही, सत्ता सोडून गेलेला बंडखोर आणि सत्तेकडे परतलेला खासदार ही चारही रूपे एकाच माणसाची आहेत. चौथ्याने पहिली तीन पुसली जात नाहीत, तशी पहिल्या तिघांनी चौथ्यालाही माफी मिळत नाही. त्यांच्या पदरी एक मोठी गोष्ट मात्र उरते. पक्ष बदलले, पण ज्या समाजासाठी निघाले होते त्याचे नाव शेवटपर्यंत त्यांच्या तोंडी होते, आणि प्रत्येक बदल त्यांनी चारचौघांत, सभेत उभे राहून केला. आपल्या सुरतेत डिसेंबर १९०७ मध्ये काँग्रेस फुटली तीही भर मंडपात, हजारो प्रतिनिधींसमोर. जोडा फेकला गेला, खुर्च्या उडाल्या, शोभेचे काही नव्हते. पण कोण कोणत्या बाजूला आणि कशासाठी, हे सगळ्यांना दिसत होते. बंद दारामागे झालेल्या फुटीचे कारण सामान्य कार्यकर्त्याला शेवटपर्यंत कळत नाही. मग तो ते आपसात भांडून शोधू लागतो.

ते दोन मावसभाऊ तेच करीत होते. ज्यांच्यापायी त्यांनी डबा वेगळा केला, त्या दोन्ही बाजूंच्या पुढाऱ्यांना हे दोघे अस्तित्वात आहेत याचीही खबर नाही. गेल्या दिवाळीत धाकट्याच्या मुलीला डेंग्यू झाला. रात्री दोन वाजता हॉस्पिटलात तिच्यासाठी रक्त द्यायला पहिला कोण आला, ते तुम्ही ओळखले असेल. खोल्या अजून वेगळ्याच आहेत. डबा मात्र परत एक झाला, असे मला परवा कळले.

भरोसा कोणावर ठेवायचा, या त्याच्या प्रश्नाचे पूर्ण उत्तर आजही माझ्याजवळ नाही. अर्धे उत्तर मी त्याला दिले आहे. म्हटले, पुढारी आज इथे आहे, उद्या तिथे असेल, त्याची कारणे त्याच्याजवळ असतील. तू मत देताना एवढेच विचार, की हा मागच्या वेळी निघून गेला तेव्हा आपल्यासारख्यांना सांगून गेला होता का? तो जरा वेळ गप्प बसला. मग गोळ्यांची पुडी खिशात घालत म्हणाला, "सांगीसन कोन जास, डॉक्टर?"

पुढच्या वेळी पुण्याला गेलात तर स्वारगेटला उतरल्यावर ती पाटी एकदा नीट वाचा.